दोन पगार, एक बेरीज : खान्देशातून प्राप्तिकराची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे भरभर निघून जातात, ते इथे निवांत बघता येतील. म्हणून आकडेमोड ऑडिओपेक्षा थोडी जास्त ठेवली आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. घर जळगावला, नोकरी पुण्याच्या कंपनीची, काम घरून. २०२४-२५ मध्ये कंपनीची रीतसर परवानगी घेऊन दुसरी अर्धवेळ नोकरी धरली. शनिवार-रविवार धुळ्याला एका संस्थेत मुलांना कोडिंग शिकवायचं. पहिल्या नोकरीचा वर्षाचा पगार ६ लाख ६० हजार, दुसरीचा २ लाख ४० हजार. दोन्हीकडे पगाराच्या स्लिपवर टीडीएसच्या पुढे शून्य. मी खूश. आबांनी एकदा विचारलंही, "काय भो, टॅक्स काहीच कापत नाही का रे?" मी म्हटलं, "आबा, सात लाखांच्या आत टॅक्स नाही. दोन्ही आतच आहेत."

जुलैमध्ये रिटर्न भरायला बसलो. पोर्टलने दोन्ही फॉर्म १६ शेजारी शेजारी ठेवले आणि खाली आकडा दाखवला. कर ३३,८०० रुपये, व्याज धरून साडेछत्तीस हजारांच्या वर. आबांच्या केळीला नवीन ठिबक टाकायला जे पैसे बाजूला ठेवले होते, ते त्यात गेले.

हिशोब बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात आहे. त्या वर्षी नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट होती, आणि करपात्र उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्य. पुण्याच्या कंपनीने ६.६० लाखांतून ७५ हजार वजा केले, उरले ५.८५ लाख, कर शून्य. धुळ्याच्या संस्थेने २.४० लाखांतून पुन्हा तेच ७५ हजार वजा केले, उरले १.६५ लाख, कर शून्य. दोघांचंही गणित त्यांच्यापुरतं बरोबर. पण कायद्याच्या लेखी मी एकच माणूस. ९ लाखांतून ७५ हजार एकदाच वजा, म्हणजे ८.२५ लाख. ३ ते ७ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि वरच्या सव्वा लाखावर १० टक्क्यांनी १२,५००. एकूण ३२,५००, त्यावर ४ टक्के उपकर १,३००. झाले ३३,८००.

रागारागात इंग्लंडमधल्या मावसबहिणीशी बोललो. ती एका हॉस्पिटलात पूर्णवेळ काम करते आणि आठवड्यातून एक दिवस दुसरीकडे. ती म्हणाली, "आमच्याकडे असं सहसा होत नाही रे. माझ्या पहिल्या नोकरीला १२५७एल हा टॅक्स कोड आहे, दुसरीला बीआर."

१२५७एल म्हणजे काय? आकड्यापुढे एक शून्य लावा, १२,५७० पौंड. एवढं वर्षाचं उत्पन्न करमुक्त, आणि ही सूट तिच्या पहिल्या नोकरीला दिली आहे. बीआर म्हणजे बेसिक रेट. दुसऱ्या नोकरीत सूट नाही, पहिल्या पौंडापासून सरळ २० टक्के कापा. कुठल्या मालकाने सूट द्यायची आणि कुठल्याने नाही, हे तिथलं करखातं कोडमधून आधीच कळवतं.

मग आपल्याकडे असा कोड का नाही? आणि ही बेरीज करायची जबाबदारी नेमकी कोणाची? या प्रश्नांचा माग काढत मी १८६० पर्यंत मागे गेलो. चला, तिथूनच सुरू करू.

१८६० : जमीन दिसते, पगार दिसत नाही

१८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी होती. ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन आले. हे 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचे संस्थापक. त्यांनी १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला. २४ जुलै हा दिवस अजूनही प्राप्तिकर दिन म्हणून पाळतात. कायदा मोठा होता, २१ भाग आणि २५९ कलमं. वर्षाला २०० रुपयांखाली कर नाही, २०० ते ५०० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला, तर त्यांना परत बोलावून घेतलं. आणि विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आजारपणात वारले. १८६५ मध्ये तो करही बंद पडला.

आता खान्देशात काय चाललं होतं ते बघा. तेव्हा धुळे आणि जळगाव एकाच जिल्ह्यात, मुख्य ठाणं धुळे. इथल्या लोकांना सरकारी मोजणी चांगलीच माहीत होती, पण जमिनीची. १८५२ मध्ये जमिनीच्या सर्व्हेविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोक उठले आणि सरकारला फौज पाठवावी लागली. तरीही जमिनीचं एक असतं, ती जागेवर पडलेली असते. साखळी टाका, मोजा, कागदावर लिहा. प्राप्तिकराला मात्र माणूस मोजायचा होता. त्याचं उत्पन्न चार ठिकाणांहून येत असेल तर ते बाहेरच्याला दिसणार कसं?

१८६० च्या दशकात हा प्रश्न खान्देशात आणखी मोठा झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. भुसावळ रेल्वेचं गाव झालं, जळगाव कापसाची पेठ झाली, १८७० च्या दशकात जळगावात कापडगिरणी निघाली. पगार, दलाली, व्याज, दुकान असे उत्पन्नाचे नवे प्रकार गावोगाव दिसू लागले.

सरकारला यातलं सगळ्यात सहज दिसणारं उत्पन्न एकच होतं, स्वतःच्या नोकरांचा पगार. तो देतानाच त्यातून कर कापून घेता यायचा. आजच्या टीडीएसचं मूळ इथे आहे. पैसे देणाराच आधी कापतो, कारण त्या क्षणी ते पैसे त्याच्या हातात असतात. पण त्याला फक्त आपणच दिलेले पैसे दिसतात. माझ्या साडेछत्तीस हजारांची गोम इथेच आहे.

१८८६ : चार खणांचं कपाट

मधली काही वर्षं कर येत-जात राहिला. कधी परवाना कर, कधी पुन्हा प्राप्तिकर. १८८६ च्या कायद्याने तो कायमचा बसवला. त्यात उत्पन्नाचे चार भाग केले : पगार आणि पेन्शन, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरचं व्याज, आणि बाकी सगळं. शेतीचं उत्पन्न वगळलं. कर आकारण्याचं काम कलेक्टरकडे, म्हणजे जळगावच्या व्यापाऱ्याचा मामला धुळ्याच्या कलेक्टर कचेरीच्या अखत्यारीत.

५०० रुपयांखाली कर नव्हता. ही मर्यादा १,००० करा अशी मागणी १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये झाली. ती मान्य व्हायला १९०३ उजाडलं.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, कराचा दर त्या-त्या भागापुरता ठरायचा. पगार २,००० च्या खाली असेल तर रुपयाला ४ पै, वर असेल तर ५ पै. एक रुपया म्हणजे १९२ पै, हे आपल्या पिढीला सांगावं लागतं. समजा, एका सरकारी नोकराचा पगार वर्षाला १,५०० आणि बाजूला दुकानाचं उत्पन्न १,५००. माणूस ३,००० कमावतो. पण पगाराच्या खणात तो १,५०० वालाच, म्हणून तिथे ४ पैंनी ३१ रुपये ४ आणे. शेजारी दुसऱ्याला नुसता पगारच ३,००० आहे. त्याला ५ पै, म्हणजे पहिल्या १,५०० वरच ३९ रुपये १ आणा. कमाई तेवढीच, कर वेगळा. कपाटाचे चार खण वेगवेगळे उघडायचे, पण सगळं कपाट किती भरलंय ते कोणी बघायचं नाही.

योगायोग म्हणजे १९०६ मध्ये खान्देशाचंही असंच झालं. एका जिल्ह्याचे दोन झाले. पूर्व खान्देश जळगावला, पश्चिम खान्देश धुळ्याला. लोक, भाषा, सोयरीक सगळं एकच, दप्तरं दोन. मी दर शनिवारी एसटीने ज्या रस्त्याने जायचो, त्याची दोन टोकं तेव्हा दोन कचेऱ्यांची झाली.

१९१८ : बेरजेचा कायदा

पहिलं महायुद्ध आलं, सरकारला पैसा हवा होता. १९१६ मध्ये चढते दर आले, म्हणजे जास्त उत्पन्नाला जास्त दर. आता खणांची पद्धत फारच टोचायला लागली. दर दोनच होते तोवर फरक एका पैचा होता. पायऱ्या वाढल्यावर, उत्पन्न चार ठिकाणी विखुरलेला माणूस खालच्या पायरीवर आणि एकाच ठिकाणी कमावणारा वरच्या पायरीवर, असा अन्याय उघड दिसू लागला.

म्हणून १९१८ च्या कायद्याने सगळ्या मार्गांच्या उत्पन्नाची बेरीज करून त्यावर दर ठरवायची पद्धत आणली. १९२२ च्या कायद्यात तेच तत्त्व राहिलं, १९६१ च्या कायद्यातही राहिलं. पोर्टलने माझे दोन फॉर्म १६ शेजारी ठेवले तेव्हा त्यामागे हा शंभर वर्षांपूर्वीचा निर्णय होता. आणि खरं सांगू? राग ओसरल्यावर तो मला न्याय्यच वाटला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरने त्या वर्षी एकाच कंपनीत ९ लाख कमावले आणि ३३,८०० भरले. मी दोन ठिकाणी मिळून ९ लाख कमावले म्हणून मला माफ का असावं?

पण एक गोष्ट अर्धवट राहिली. बेरीज कायद्यात आली, पगारातून कापणारा मात्र तोच राहिला. एकेकटा मालक, आपापल्या खणाकडे बघणारा.

भारतातून गेलेला माणूस आणि टॅक्स कोड

आता ती गंमत, जिच्यामुळे हा भाग करायचं मी ठरवलं.

१९३५-३६ मध्ये भारताच्या प्राप्तिकराची तपासणी करायला तिघांची समिती बसली. ब्रिटिश करखात्याचे सी. डब्ल्यू. एअर्स आणि एस. पी. चेंबर्स, आणि इथले खान बहादूर जे. बी. वाच्छा. तेव्हा आपल्याकडे पायरीची पद्धत होती. पायरी ओलांडली की पहिल्या रुपयापासून सगळ्या उत्पन्नावर वरचा दर. एक रुपया जास्त कमावला तर खिशात कमी पैसे उरतील, असाही प्रकार होऊ शकायचा. समितीने सुचवलं, पायरी सोडा आणि स्लॅब आणा. म्हणजे वरचा दर फक्त वरच्या तुकड्यावर. १९३९ च्या दुरुस्तीने ते झालं. आज आपण सहज 'स्लॅब' म्हणतो, तो तिथून आला.

यातले पॉल चेंबर्स पुढे १९३७ ते १९४० भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. मग ते इंग्लंडला परतले. तिथे दुसऱ्या महायुद्धामुळे लाखो कामगार पहिल्यांदाच कराच्या जाळ्यात आले होते, आणि त्यांच्याकडून नंतर एकरकमी वसुली करणं अवघड जात होतं. चेंबर्स यांनी दर पगाराला बरोबर तेवढाच कर कापायची योजना आखण्यात पुढाकार घेतला. 'कमवा तसा भरा' अशी ती योजना ६ एप्रिल १९४४ ला सुरू झाली. प्रत्येक कामगाराला एक कोड. मालकाने तक्त्यात तो कोड बघायचा आणि कापायचं. माझ्या मावसबहिणीच्या स्लिपवरचा १२५७एल हा त्या योजनेचा वंशज.

म्हणजे आपल्याला स्लॅब देणाऱ्या समितीतला माणूसच तिकडे कोड देणाऱ्या कामात पुढे होता. आपल्याकडे कोड आला नाही. इंग्लंडमध्ये सूट कुठे वापरायची हे खातं मालकाला सांगतं. आपल्याकडे ते कामगाराने मालकाला सांगायचं असतं.

खान्देशाची खरी दुसरी नोकरी

दोन नोकऱ्या म्हटलं की शहरातली पोरं डोळ्यांपुढे येतात. पण आपल्याकडे दुसरी नोकरी पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे, शेती. रावेर-यावलकडे असे कितीतरी शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले आहेत, ज्यांचा पगार खात्यावर येतो आणि केळी शेतात उभी असते.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, १८८६ पासून नाही. पण १९७२ मध्ये अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीने हा प्रश्न तपासला आणि १९७३ पासून एक वेगळीच बेरीज आली. शेतीवर कर नाही, पण दर ठरवताना शेती मोजायची. वर्षाचं निव्वळ शेतीउत्पन्न ५ हजारांवर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हे लागू होतं.

उदाहरण २०२५-२६ च्या नव्या पद्धतीचं घेतो. करपात्र पगार १५ लाख, केळीचे निव्वळ ५ लाख. नुसत्या पगारावर कर होतो १,०५,००० (उपकर सोडून). आता दोन्ही मिळवा, २० लाख. त्यावरचा कर २ लाख. त्यातून शेतीचे ५ लाख अधिक करमुक्त मर्यादा ४ लाख, अशा ९ लाखांवरचा कर ३०,००० वजा करा. भरायचे १,७०,०००. शेतीवर एक रुपया कर न लावता पगारावरचा कर ६५ हजारांनी वाढला. केळीने पगाराला खांद्यावर घेऊन वरच्या स्लॅबमध्ये बसवलं म्हणा ना.

आमची केळी आबांच्या नावावर आहे, म्हणून मी यातून सुटलो. पण ज्यांच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव आहे आणि पीक निघतंय, त्यांनी हे कंपनीच्या भरवशावर सोडू नये. कंपनीला तुमची केळी दिसत नाही.

बेरीज दिसते, पण उशिरा

मग सरकारला आपली बेरीज दिसायला कधी लागली? पॅनचा आजचा दहा अक्षरांचा साचा १९९५ पासूनचा. चौथं अक्षर पी म्हणजे व्यक्ती, पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. २००२ मध्ये विजय केळकर यांच्या कृतिदलाने करमाहितीचं देशव्यापी जाळं उभारायला सांगितलं आणि २००४ पासून ते उभं राहू लागलं. कोणी किती कर कापला ते एका पॅनखाली जमा होऊ लागलं, त्याचा उतारा म्हणजे २६एएस. २०२१ मध्ये एआयएस आलं, त्यात व्याज, लाभांश, शेअरची विक्री असं सगळं दिसतं. आमच्या अमळनेरचंच बघा. विप्रोची सुरुवात तिथे १९४५ मध्ये तेलाच्या गिरणीने झाली, आणि जुने शेअर असलेली घरं तिथे अजून आहेत. एप्रिल २०२० पासून लाभांशही घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. तोही याच बेरजेत.

इंजिनिअरच्या भाषेत सांगतो. पॅन ही प्रायमरी की आहे. सगळ्या नोंदी त्याला जोडल्या जातात. पण ही जोडणी सरकारच्या बाजूला होते, मालकाच्या पगारपत्रकात होत नाही. मालक वर्षभर कापत असतो, बेरीज मात्र आपल्यासमोर येते वर्ष संपल्यावर. तोवर व्याज चढलेलं असतं.

मग करायचं काय

१९६१ च्या कायद्याच्या कलम १९२ मध्ये यावर उपाय होता आणि मला तो माहीत नव्हता. एकाच वर्षात दोन मालक असतील, एकाच वेळी किंवा एकामागून एक, तर त्यातला कुठलाही एक निवडायचा आणि दुसरीकडचा पगार व कापलेला कर फॉर्म १२बी मध्ये लिहून त्याला द्यायचा. मग तो एकूण पगार धरून कापतो. मधे नोकरी बदलणाऱ्यांनाही हेच लागू. नवीन कंपनीच्या एचआरने सह्यांसाठी पाठवलेल्या ढिगात बहुतेक वेळा हा फॉर्म असतो, आणि आपण तो बाजूला ठेवतो.

दुसऱ्या मालकाला पगार कळू द्यायचा नसेल तर आगाऊ कर. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त होणार असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना स्वतः भरायचा. मी हे केलं असतं तर कर तेवढाच लागला असता, पण वरचे तीन हजार व्याजाचे वाचले असते. मुख्य म्हणजे पैसा जाणार हे आधी कळलं असतं आणि ठिबकचं वेगळं नियोजन करता आलं असतं.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू. कलमांचे आकडे बदलले, मागील वर्ष आणि आकारणी वर्ष या जोडीच्या जागी एकच 'कर वर्ष' आलं. दोनपैकी एका मालकाला सांगायची सोय तशीच आहे, आणि सांगायची जबाबदारीही तशीच आपल्यावर.

यंदा मी जूनमध्येच दोन्ही पगार एका कागदावर लिहिले, खाली बेरीज केली आणि पुण्याच्या कंपनीला कळवलं. आता स्लिपवर टीडीएसच्या पुढे शून्य नसतं, दर महिन्याला ठरावीक आकडा असतो. आबांनी स्लिप बघितली आणि म्हणाले, "आता कापतात वाटतं." म्हटलं, "हो आबा. आता कुठे हिशोब बरोबर आहे." ठिबक पुढच्या लागवडीला टाकतोय.

तुमच्याकडे दोन नोकऱ्या असतील, नोकरी आणि शेती असेल, किंवा वर्षाच्या मधे कंपनी बदलली असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर एक कागद घ्या आणि ही बेरीज करून बघा. पुढच्या भागात भेटूच. तोवर राम राम.